माळवदाचा लेख कुणी चोरला?

"ताई, मला चोर ठरवून राहिले हे लोक."

मुनीरभाईंचा फोन आला तेव्हा माझ्यासमोर सामान्य विज्ञानाच्या बुकलेटचं प्रूफ होतं. दारात डीटीपीवाला ताटकळत उभा होता. जूनचा महिना, ॲडमिशनची झुंबड. लातूरच्या कोचिंगवाल्यांना जूनमध्ये मरायलाही फुरसत नसते.

"कोण चोर ठरवतंय? नीट सांगा," मी म्हटलं.

"माळवदाच्या लेखावर नोटीस लागली. म्हणे मजकूर चोरीचा आहे. आठवडाभरात खुलासा करा, न्हाई तर लेख उडवणार. माझं खातंही बंद करणार म्हणतात. सहा महिने घासून लिहिलेला लेख आहे ताई, तुम्हाला माहीत आहे."

"कुणाचा चोरला म्हणे?"

ते म्हणाले, "तुमच्या क्लासचा."

"काय?" मी इतक्या मोठ्यानं ओरडले की डीटीपीवाला बिचारा मागं सरला.

आता थोडं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. मी लातूरच्या एका कोचिंग क्लासमध्ये मटेरियल सेक्शनची इनचार्ज होते. मटेरियल म्हणजे पोरांना वाटायच्या छापील नोट्स. सर लोक लिहून देणार. आम्ही ते टाइप करणार, तपासणार, छापून घेणार. मी मूळची उदगीरची. तोंड तिखट, असं सगळे म्हणतात, आणि खोटं म्हणत नाहीत. फावल्या वेळात मी इंटरनेटवरच्या मराठी ज्ञानकोशात लिहायची. कुणीही लिहावं, कुणीही दुरुस्त करावं, पगार शून्य, असं ते काम. तिथंच मुनीरभाईंची ओळख झाली. नांदेडला इतवाऱ्यात त्यांचं चष्म्याचं दुकान. दुकान आजोबांपासूनचं. गिऱ्हाईक नसलं की हे कॉम्प्युटर उघडून बसायचे. आजोळ भोकरचं. लहानपणी उन्हाळाभर माळवदावर झोपलेला माणूस, म्हणून माळवदावर लेख लिहायची त्यांना हौस.

माळवद म्हणजे आपल्याकडच्या जुन्या घरांचं सपाट छप्पर. दगडमातीच्या जाड भिंती, वर लाकडी तुळया, त्यावर फळ्या, आणि फळ्यांवर पांढऱ्या मातीचा जाड थर. उन्हाळ्यात आत गार. पण भूकंपात हीच घरं आमच्या भागात माणसांच्या अंगावर आली. म्हणून हा लेख महत्त्वाचा. नुसतं घराचं वर्णन नव्हतं ते.

मी आमच्या क्लासची वेबसाइट उघडली. पोरांना भुलवायला नमुना म्हणून काही बुकलेट आम्ही तिथं फुकट ठेवायचो. स्पर्धा परीक्षा बॅचचं भूगोलाचं बुकलेट काढलं. 'मराठवाड्यातील पारंपरिक घरे आणि भूकंप' असं प्रकरण. वाचायला लागले आणि माझे कान गरम झाले. वाक्यामागून वाक्य तेच. स्वल्पविरामसुद्धा तेच. खाली आमचा लोगो आणि ठसठशीत अक्षरात 'सर्व हक्क सुरक्षित'.

माझ्याच सेक्शनमधून बाहेर पडलेलं बुकलेट! मी पाहिलं कसं नाही? मग आठवलं. ते छापलं तेव्हा माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि मी घरी पाय लांब करून पडले होते. जाधव सरांनी मजकूर दिला, डीटीपीवाल्यानं जुळवला आणि तसाच प्रेसला गेला.

मी मुनीरभाईंना उलटा फोन लावला. "काळजी करू नका. उचलेगिरी आमच्याकडची आहे. मी बघते एकेकाला."

"पण ताई, तारखा उलट्या दिसतात ना. तुमचं बुकलेट आधीचं, माझा लेख नंतरचा."

हे मात्र मला नवीन होतं. मी पुन्हा कॉम्प्युटरकडं वळले.

ज्ञानकोशातल्या प्रत्येक लेखाला 'इतिहास' नावाचं एक पान असतं. कुणी, कधी, काय लिहिलं, काय खोडलं, सगळं तिथं ओळीनं नोंदलेलं. लेखाखाली लेखकाचं नाव नसतं. इतिहासाचं पान हीच लेखकांची यादी. तिथला मजकूर कुणीही घेऊ शकतं. घरी न्या, छापा, विकासुद्धा. अट एवढीच, की कुणाचा आहे ते सांगायचं आणि पुढच्याला तशीच मुभा द्यायची. लोक 'मुभा' ऐकतात आणि अट विसरतात.

तर माळवदाच्या लेखाचा इतिहास मी उघडला. पहिलीच नोंद मुनीरभाईंची. एवढा मोठा लेख एका दमात आलेला. शेजारी कारण लिहायची जागा असते, तिथं फक्त दोन शब्द: 'नवीन लेख'. आणि आमचं बुकलेट खरोखर त्याच्या आधीचं! नोटीस लावणारा कुणी पुण्याकडचा तरुण होता. मनातल्या मनात मी त्याला शिव्या घालत होते, त्या परत घेतल्या. मी त्याच्या जागी असते तर मीही हेच म्हटलं असतं.

"मुनीरभाई, एका दमात एवढा मजकूर आणला कुठून तुम्ही?" माझा आवाज चढलाच.

"भूकंपाच्या मोठ्या लेखातून. तो लई लांबला होता ना. घरांचा भाग कापला आणि वेगळं पान केलं."

"मग तसं लिहिलं का नाही? त्या लेखातून आणलं म्हणून?"

"आपल्याच घरातली वस्तू, ताई. या खोलीतली त्या खोलीत ठेवली. त्याला काय सांगायचं?"

मी कपाळाला हात लावला. कारण ही चूक तिथं जुनीजाणती माणसं करतात. नवीन माणूस बाहेरून चोरतो, जुना माणूस आतल्या आत हलवतो आणि सांगत नाही. मजकूर नव्या पानावर जातो, पण लिहिणारांची नावं जुन्या पानाच्या इतिहासात राहतात. नव्या पानावर सगळं श्रेय हलवणाराच्या नावावर पडतं. म्हणून एक ओळ लिहायची असते: हा मजकूर अमक्या लेखातून आणला आहे, लेखकांची नावं तिथं पाहा. मुनीरभाईंसारख्या माणसानं ती लिहिली नव्हती.

मी भूकंपाच्या मोठ्या लेखाचा इतिहास काढला. मागं मागं जात राहिले. तिथं सापडलं! तोच मजकूर, आमच्या बुकलेटच्या कितीतरी आधीचा. मुनीरभाईंनी तुकड्या-तुकड्यानं घातलेला, प्रत्येक तुकड्याला संदर्भ. मी खुर्चीत मागं टेकले. मुनीरभाई सुटले. आता आमच्या सरांची बारी.

बुकलेटच्या आणि त्या इतिहासाच्या प्रिंट काढल्या आणि तडक डायरेक्टर सरांच्या केबिनमध्ये घुसले.

त्यांनी प्रिंट पाहिल्या, माझ्याकडं पाहिलं. "मॅडम, तुम्ही आमच्याकडं नोकरीला आहात का त्या ज्ञानकोशाकडं?"

"सर, आपण एका माणसाचं लिहिलेलं न सांगता छापलंय. आणि त्यालाच तिकडं चोर म्हणतायत. दोन ओळींचं पत्र द्या, की मजकूर आपण तिथून घेतला. विषय संपला."

"आत्ता? ॲडमिशन चालू असताना? 'क्लासनं चोरी केली' असं मी माझ्या सहीनं लिहून देऊ? बाहेर बोर्ड लावता का तसा?"

"चोरी नका म्हणू. 'साभार' म्हणा."

"फुकटचं असतंय ते सगळं. फुकटच्या मालाला साभार काय अन् निराधार काय!"

माझं डोकं सटकलं. "फुकट असलं म्हणून बेवारस नसतं, सर. आपल्या बुकलेटचं एक पान समोरच्या क्लासवाल्यानं छापलं होतं तेव्हा तुम्ही वकील केला होता. आठवतंय?"

ते माझ्याकडं रोखून बघत म्हणाले, "तुम्ही तिकडं आपल्याविरुद्ध काही लिहिलंत, तर उद्यापासून यायची गरज न्हाई. हे ऐकून ठेवा." आणि बेल दाबून त्यांनी जाधव सरांना बोलावलं.

जाधव सर म्हणजे आमच्याकडचा सगळ्यात गरीब स्वभावाचा माणूस. भूगोल शिकवायचे. स्टाफरूममध्ये असले तरी आहेत हे कळायचं नाही. असा माणूस उचलेगिरी करतो याचाच मला जास्त संताप आला होता. मी प्रिंट त्यांच्यापुढं आपटल्या.

"सर, हे प्रकरण तुम्ही ज्ञानकोशातून उचललंय. शब्द न् शब्द. हो की नाही?"

त्यांनी प्रिंट हातात घेतली. शेवटच्या पानापर्यंत वाचत गेले.

"घेतलं तिथूनच," ते म्हणाले. "पण उचललं न्हाई. ते माझंच हाय."

डायरेक्टर सरांना जोर आला. "बघा! त्यांचंच हाय म्हणतायत!"

"असं कसं तुमचं असेल?" मी तडकले. "इथं नावं दिसतायत. हे सगळं नांदेडच्या मुनीरभाईंचं आहे. सहा महिने घासून लिहिलंय त्यांनी."

"शेवटचं पान बघा, मॅडम. सगळ्यात जुनं."

मी प्रिंट उलटली. इतिहास मागं जातो तसा आधीचा माणूस तळाला येतो. मुनीरभाईंच्या पहिल्या नोंदीच्याही खाली एक नोंद होती. सदस्याचं नाव 'खालचीआळी'. मी ते पाहिलं होतं, पण कुणी फिरस्ता असेल म्हणून पुढं गेले होते. लोक असली नावं घेतात.

"खालचीआळी म्हणजे आमची गल्ली," सर म्हणाले. "जुन्या गावातली. आता न्हाई ती. नवीन नवीन शिकवायला लागलो तेव्हा कुणीतरी दाखवलं, की इथं मराठीत लिहिता येतंय. मी एवढंच लिहिलं. मग परत गेलो न्हाई. पासवर्डही आठवत न्हाई."

"हे कुणीही म्हणेल, सर."

"मी काय लिहिलं होतं ते सांगतो. तुम्ही बघा बरोबर हाय का." आणि ते प्रिंटकडं न बघता म्हणाले, "'दर पावसाळ्याच्या आधी आम्ही माळवदावर नवीन माती टाकायचो. जुनी माती काढत नसू. त्यामुळे छपराचे वजन दर वर्षी वाढत गेले.'"

ही वाक्यं लेखात नव्हती. लेखात होतं 'नवीन माती टाकली जात असे'. बुकलेटातही तेच. मी डायरेक्टर सरांच्याच कॉम्प्युटरवर वाकले आणि ती सगळ्यात जुनी नोंद उघडली.

'दर पावसाळ्याच्या आधी आम्ही माळवदावर नवीन माती टाकायचो. जुनी माती काढत नसू.'

अक्षर न् अक्षर. त्या एका जुन्या नोंदीशिवाय हे जगात कुठंच नव्हतं.

"आम्ही म्हणजे?" डायरेक्टर सरांनी विचारलं. त्यांचा आवाज एकदम उतरला होता.

"मी न् वडील. ते खालून पाट्या द्यायचे, मी वर पसरायचो. नववीपर्यंत केलं मी. चोपून चोपून बसवायचो, गळू नये म्हणून." सरांनी चष्मा काढून पुसला. "त्या पहाटे ते सगळं खाली आलं. वडील आतच होते. मी अंगणात झोपलो होतो म्हणून राहिलो. ती माती मीच टाकलेली होती, मॅडम."

आपटलेल्या प्रिंट मी गोळा करून नीट लावल्या. या माणसाला मी पाच मिनिटांपूर्वी तोंडावर उचल्या म्हटलं होतं.

मी विचारलं, "मग तुम्ही सोडलं का तिथं लिहायचं?"

"दुसऱ्या दिवशी पाहिलं तर 'आम्ही' खोडलेलं. पुढं चौकोनी कंसात 'संदर्भ हवा'. म्हटलं, आता ह्याला संदर्भ कुठून आणू? बंदच केलं." ते जरा हसले. "पुढं क्लासचं मटेरियल करायचं होतं तेव्हा आठवलं. जाऊन बघतो तर मजकूर तिथंच, आणि वाढलेला. चांगला वाढलेला. सगळाच घेतला. परीक्षेत येत न्हाई हे, तरी टाकलं. पोरांना कळलं पाहिजे छप्पर का पडलं ते."

"वाढवलं ते तुमचं नव्हतं ना, सर."

"न्हाई. ते चुकलंच माझं. आपल्याच घरात कुणी खोली बांधली, असं वाटलं."

मुनीरभाईही तेच म्हणाले होते. दोघंही आपल्या घरातलंच समजत होते आणि दोघांनीही दुसऱ्याचं नाव लिहिलं नव्हतं.

मी बाहेर येऊन मुनीरभाईंना फोन लावला आणि सगळं सांगितलं. ते म्हणाले, "ताई, ते 'आम्ही' मी खोडलं होतं. 'संदर्भ हवा' मी लावलं होतं."

मला उमजलंच नव्हतं. नोंद माझ्या हातात होती, तरी पाहिली नव्हती.

"नियम होता ना," मी कसंबसं म्हटलं. "ज्ञानकोशात मी, आम्ही चालत नाही."

"नियम होता. पण मी एका लेकराला त्याच्या बापावर पडलेल्या मातीचा पुरावा मागितला, ताई. या अल्लाह! काय केलं मी हे!" आणि त्यांनी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून ते सकाळच्या एसटीनं लातूरला आले. मी त्यांना प्रत्यक्ष पहिल्यांदाच पाहत होते. पांढरी दाढी, स्वतःच्याच दुकानातला जाड चष्मा. स्टाफरूममध्ये जाधव सरांसमोर उभे राहिले आणि हात जोडले.

"माफ करा, सर. मला माहीत नव्हतं."

सर गडबडले, उठून उभे राहिले. "अहो, तुम्ही मोठे. बसा आधी. तुम्ही वाईट केलं न्हाई. मी सोडून गेलो, तुम्ही सोडलं न्हाई. त्या वाक्याला संदर्भ कुणी शोधला?"

"मीच. लई शोधला. एका इंजिनियरांच्या अहवालात मिळाला. दर वर्षी माती चढत गेली, हेच कारण त्यांनीही लिहिलं होतं."

"म्हणूनच टिकलं ना ते. न्हाई तर कुणीतरी उडवलंच असतं. अहवालात तसं लिहिलंय हे मला माहीतच नव्हतं. मला वाटायचं, हे फक्त मलाच माहीत हाय. आमच्याच घरी जास्त टाकली असंल, आम्हीच चुकलो असं वाटायचं इतकी वर्षं. सगळीकडंच टाकायचे?"

"सगळीकडं, सर. घर न् घर. आमच्या भोकरलाही. मी स्वतः चोपलीय."

जाधव सर खाली बसले आणि तोंडावर हात घेऊन रडले. मुनीरभाई त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले. मी चहा सांगायला बाहेर गेले. चहा सांगायची काही गरज नव्हती. पण मला तिथं उभं राहवेना.

मग आम्ही तिघं कॉम्प्युटरपुढं बसलो. लिहून झालेल्या नोंदीचं कारण मागाहून बदलता येत नाही. म्हणून नवीन नोंद करायची असते. लेखात एखादी रिकामी जागा वाढवायची आणि कारणाच्या जागी खरं काय ते लिहायचं. मुनीरभाईंनी टाइप केलं: 'या लेखाचा मूळ मजकूर भूकंपाच्या लेखातून आणला आहे. पहिले लेखन सदस्य खालचीआळी यांचे. माझ्याकडून सांगायचे राहिले.' तेच दोन्ही लेखांच्या चर्चापानांवरही लिहिलं. पुण्याच्या त्या तरुणाला जुन्या नोंदींच्या लिंक दिल्या. त्यानं संध्याकाळपर्यंत नोटीस काढली आणि मुनीरभाईंना लिहिलं, 'क्षमस्व. पण एक ओळ असती तर मी नोटीस लावलीच नसती.' पोरगं बरोबर बोललं होतं.

राहिले डायरेक्टर सर. ते आदल्या दिवसापासून नरमले होते, पण धंदेवाईक माणूस शेवटी. "पत्र देतो," म्हणाले. "बुकलेटात नावंही टाकतो. पण मॅडम, मला एक सांगा. त्या पानांवर 'सर्व हक्क सुरक्षित' राहतंय ना?"

"नाही. ती पानं आता कुणीही छापू शकतं."

"समोरचा क्लासवालाही?"

"तोही. नावं लिहून."

"आयला!" ते एवढंच म्हणाले. पण सही केली. माझी नोकरीही राहिली. त्यावर पुन्हा कुणी काही बोललं नाही.

त्यानंतर मी सेक्शनला एक सवय लावली. मजकूर देताना प्रत्येक सरांनी कुठून काय घेतलं ते पानाच्या डोक्यावर लिहायचं. सर लोक कुरकुरले. मी ऐकलं नाही. जाधव सरांचं पुढचं प्रकरण आलं, विषय पुनर्वसनाचा. प्रत्येक परिच्छेदावर पुस्तकाचं, अहवालाचं नाव नीट लिहिलेलं. मधे एक लांब परिच्छेद मात्र संदर्भाशिवाय. जुनं गाव सोडून नव्या गावात राहायला गेलेल्या पोरांबद्दलचा.

मी तो कागद घेऊन स्टाफरूममध्ये गेले. "सर, हे कुठून घेतलं?"

"कुठून न्हाई. मीच लिहिलंय."

"मग तसं लिहा."

"माझं नाव काय लिहायचं त्यात, मॅडम? सोडा हो."

"सर," मी म्हटलं, "तुम्ही तेव्हा सोडलं म्हणून इथं एवढं रामायण झालं. लिहा म्हणते ना!"

दुसऱ्याचं नाव गाळणारे या धंद्यात मी ढिगानं पाहिले. त्यांना दम द्यावा लागतो. स्वतःचं गाळणाऱ्यालाही तेवढाच दम द्यावा लागतो, हे मी उशिरा शिकले. सरांनी खिशातलं पेन काढलं आणि त्या परिच्छेदाच्या डोक्यावर आपलं पूर्ण नाव लिहिलं, मधे वडलांच्या नावासकट.